आधी आपले खड्डे

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर परवा एक फोटो फिरला. दक्षिण सुदानमध्ये आपले जवान रस्ता दुरुस्त करताहेत. खाली एकाने लिहिलं, 'आधी मुंबई-गोव्याचे खड्डे बुजवा म्हणावं.' मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

मी जुबात असतो, दक्षिण सुदानच्या राजधानीत. संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मिशनच्या इंजिनिअरिंग सेक्शनमध्ये, गणवेशाशिवाय. सर्व्हे आणि ड्रेनेज बघतो. म्हणून ते मनाला लागलं, हे आधीच सांगून टाकतो.

मुंबई-गोव्याचं चौपदरीकरण आणि हा देश, दोन्ही २०११चेच. ९ जुलैला देश जन्मला, त्याच दिवशी मिशन सुरू झालं. जुबापासून युगांडाच्या सीमेवरच्या निमुलेपर्यंतचा १९२ किलोमीटरचा डांबरी रस्ता अमेरिकेच्या पैशाने २०१२ मध्ये झालासुद्धा. (पुढे डांबराचं फारसं काही झालं नाही, पण ते मी ग्रुपवर लिहिलं नाही.) राहिला पैसा. एका जवानामागे महिन्याला साधारण १४०० डॉलर संयुक्त राष्ट्रं भारत सरकारला देतात, यंत्रांचे वेगळे. थकवतात, उशिरा देतात, पण देतात. तुमच्या टोलवर इथला डोझर चालत नाही.

माती मात्र मला नवी नव्हती. परभणीच्या माणसाला काळी कापसाची जमीन काय सांगायची! उन्हाळ्यात भेगांत हात जाईल, पावसात ट्रक अ‍ॅक्सलपर्यंत रुततो. आपल्याकडे निदान जवळपास कुठेतरी खडी निघते. इथल्या सपाट भागात मुरूमही लांबून आणावा लागतो. काम करायचं ते डिसेंबर ते एप्रिल. सर्व्हेला निघायचं तर आधी सुरुंग शोधणारे, त्यांच्या मागे मी.

उत्तरेकडचं बेंटिऊ शहर तर बघायलाच हवं. २०२१च्या पुरानंतर पाणी हटलंच नाही. लाखभर विस्थापितांची छावणी, विमानाची धावपट्टी, सगळं मातीच्या बांधांच्या आत, आणि बाहेरचं पाणी आतल्या जमिनीपेक्षा उंच. नाईलच्या दलदलीत जमिनीला किलोमीटरमागे जेमतेम दहा सेंटीमीटर उतार. लेव्हल थोडी चुकली तर पाणी कुठून आत येईल सांगता येत नाही. आत पडलेला पाऊस पंपाने बाहेर फेकायचा, वर बांधाची रोज पाहणी. या बांधांचं मोठं काम पाकिस्तानी इंजिनिअर तुकडीने केलं आणि उत्तम केलं. हे ग्रुपवर लिहिल्यावर आधी शांतता, मग, 'तू नक्की कुणाच्या बाजूचा रे?'

मी बांधाच्या बाजूचा, दुसरं काय!

खड्ड्यांचं म्हणाल तर बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर जवानांचं केंद्र पुण्यातच खडकीला आहे, आणि लष्कराचं इंजिनिअरिंग कॉलेज, सीएमई, दापोडीला. सगळे सॅपर्स उद्या आफ्रिकेतून परत आले आणि पुण्यातच राहिले, तरी पुण्याचे खड्डे हलणार नाहीत. ते त्यांचं कामच नाही. ते टेंडरचं, जमीन संपादनाचं, बिल कुणी पास करायचं याचं काम आहे, आणि ते करणारे निम्मे त्याच ग्रुपवर आहेत. त्यांनी हसरे चेहरे टाकावेत?

इथला रस्ताही दर पावसात वाहून जातो, दर हिवाळ्यात आम्ही तोच पुन्हा करतो. पण एप्रिलमध्ये ट्रक जातो तेव्हा बाजारात धान्य येतं, आणि लेव्हल कुणी घेतली हे रस्त्याकडेच्या चहावालीलाही ठाऊक असतं. परभणीत मला विचारतात, 'सिंह बघितला का?' गावचा रस्ता कुणी केला ते मला माहीत नाही, आणि मी काय करतो ते गावाला.

आता मिशनचा पैसा आटतोय, माणसं कमी होताहेत. संभाजीनगरच्या एका कंत्राटदाराने बोलावलंय, पगार बरा आहे, आई रोज फोनवर विचारते. मी अर्ज भरला तो कांगोच्या मिशनसाठी. ग्रुपवर अजून सांगितलेलं नाही.