चिप्सवरचा हिरवा ठिपका

बालवाडीच्या भिंतीवर एक तक्ता हमखास असतो. डावीकडे ‘पौष्टिक आहार’: सफरचंद, ब्रोकोली, स्ट्रॉबेरी. उजवीकडे ‘जंक फूड’: बर्गर, पिझ्झा, डोनट. चार वर्षांचं मूल ब्रोकोलीला आत्मविश्वासानं झाड म्हणतं आणि डोनटला टायर. वडापाव, खारी, बॉबी, पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट यांचा तक्त्यावर पत्ताच नसतो, म्हणजे ते खायला मोकळे. त्यामुळे बालवाडीत मुलांना पौष्टिक आणि जंक यांतला फरक शिकवणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं की तक्ता गुंडाळून कपाटावर टाका. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून रिकामी पाकिटं आणा आणि मंडईतून खरी भाजी आणा. शेवग्याची शेंग, दोडका, लाल भोपळ्याची फाक असं काहीही, हातात घेऊन वास घेता येईल असं.

मग येतो सिग्नल. हिरवं रोज खायचं, पिवळं कधीतरी, लाल क्वचित. कल्पना सुरेख आहे, फक्त ती राबवायची असते पाच वर्षांच्या वकिलांसमोर. आपल्या देशात शाकाहारी खाद्यपदार्थांच्या पाकिटावर चौकोनात हिरवा ठिपका छापावा लागतो. त्यामुळे वेफर्स हिरवे, क्रीमची बिस्किटं हिरवी. मांसाहाराची खूण तपकिरी. २०२० च्या नियमांनी तिचा गोल ठिपका जाऊन त्रिकोण आला, पण मुलांच्या खडूपेटीत तपकिरी आणि लाल हे सख्खे भाऊ. अंड्यांच्या खोक्यावर ती खूण दिसली की निकाल तयार: वेफर्स रोज, अंडं क्वचित. आणि पुरावा म्हणून पाकीट तुमच्याच नाकासमोर धरलं जातं.

म्हणून मी रंगांच्या वाटेला जाऊच नये या मताची आहे. त्यापेक्षा आकार घ्यावेत. एक मोठी टोपली रोजची, एक मधली रविवारची, एक छोटी वाटी सणाची. मोठ्या टोपलीत जास्त मावतं आणि वाटीत कमी, हे मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. शिवाय या मांडणीत कुठलाच पदार्थ ‘वाईट’ ठरत नाही, त्याची फक्त पाळी ठरते. ‘वाईट’ हा शब्द वर्गात एकदा उच्चारला की डबा खायच्या सुट्टीत तीस इन्स्पेक्टर तयार होतात आणि शेजारच्याच्या डब्यात डोकावून बिस्किटांवर पंचनामा करतात. बिस्किटं त्या मुलानं विकत आणलेली नसतात. पहिल्या लोकलनं कामाला जाणाऱ्या आईनं घाईत भरलेली असतात. धडा शिकवायला मुलाचा डबा कधीच उघडू नये. उदाहरणाला पदार्थ आपलेच आणावेत.

आता प्रयोग. मुलांना सर्वांत आवडतो कागदाचा. ब्राउन पेपरच्या घडीत दोन वेफर्स ठेवायचे, वरून लाटणं फिरवायचं, चुरा झटकून कागद खिडकीसमोर धरायचा. तेलकट डागातून उजेड आरपार दिसतो. वर्तमानपत्र घेऊ नका, शाईमुळे काही कळत नाही. शेजारी काकडीची चकतीही दाबा. तिचाही डाग पडतो आणि मुलं लगेच काकडीला आरोपी करतात. घाई करायची नाही. अर्ध्या तासानं पाण्याचा डाग वाळून जातो आणि तेलाचा राहतो.

इथवर सगळं सुरळीत असतं. मग कुणीतरी शेंगदाण्याचं नाव काढतं. दाण्याचा डाग दणदणीत पडतो, तिळाचा पडतो, खोबऱ्याचाही पडतो. डाग म्हणजे जंक असं तुम्ही एव्हाना बोलून बसला असाल, तर चिक्की, तिळगूळ आणि खोबऱ्याची चटणी एका दिवसात बाद होतात आणि दुसऱ्या दिवशी दारात आज्या येतात. यावर उपाय सोपा आहे. वेफर्सच्या आधी कच्च्या बटाट्याची चकती दाबून घ्यावी. ती वाळल्यावर तेलाचा मागमूस राहत नाही, म्हणजे वेफरमधलं तेल कढईतून आलं. दाण्याचं तेल त्याचं स्वतःचं असतं आणि सोबत प्रथिनंही असतात. एक सूचना मात्र गंभीरपणे: पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खा दाणा द्यायचा नाही, घशात अडकतो. कूट वापरा.

साखरेचा प्रयोग तर सगळेच सुचवतात. थंड पेयाच्या लेबलवर १०० मिलिलिटरला साधारण १०-११ ग्रॅम साखर लिहिलेली असते. २५० मिलिलिटरच्या बाटलीत २६ ग्रॅमच्या आसपास झाली. एका चहाच्या चमच्यात ४ ग्रॅम धरली, तर साडेसहा चमचे. ते काचेच्या पेल्यात एकेक करून टाकायचे आणि मुलं हादरतील अशी वाट बघायची. मुलं हादरत नाहीत. ती ओंजळ पुढे करून रांग लावतात. साखरेच्या ढिगाची भीती वाटायला आधी मधुमेह ठाऊक असावा लागतो. हा प्रयोग पालकसभेसाठी राखून ठेवावा. तिथे तो रंगतो, विशेषतः चहात तीन चमचे घेणाऱ्यांसमोर. त्याच सभेत पाकिटाची मागची बाजूही वाचून घ्यावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. पुढे ‘मल्टीग्रेन’ची ओंबी डोलत असते आणि मागे यादीत पहिला मैदा निघतो. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन ही मंडळी साखरेच्या घरातलीच, फक्त आडनावं वेगळी.

एवढं होऊनही मूल दोडका खात नाही ते नाहीच. दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाचा संशय येणं स्वाभाविक आहे. एखादी चव आपलीशी व्हायला आठ ते पंधरा वेळा समोर यावी लागते आणि बहुतेक घरं तिसऱ्या खेपेला ‘याला आवडतच नाही’ असं जाहीर करून मोकळी होतात. प्रमाणाचा घोळ वेगळाच. लहान मुलाला वयाच्या दर वर्षामागे एक मोठा चमचा भाजी पुरते. तीन वर्षांच्या मुलाला तीन चमचे. आपण वाढतो वाटी काठोकाठ, आणि मग ताटाच्या दोन्ही बाजूंना रडारड. नवी भाजी फाशाएवढी, आवडीच्या वरणभाताशेजारी, काही न बोलता ठेवावी. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ या सौद्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी हे काम आणि चॉकलेट हा पगार.

बीट किसून पुऱ्यांत लपवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यातून मुलाला गुलाबी रंग आवडू लागतो, बीट नाही. आणि जेवणाआधी तासाभरात दूध-बिस्किटं पोटात गेली असतील तर दोडक्याला दोष देऊ नका. दिवसाला अर्धा लिटरहून जास्त दूध पिणाऱ्या मुलाला भूक लागणार कधी?

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि तेलाचे पदार्थ विकायला नियमानं बंदी आहे. नियम उत्तम, पण मुलाचा वाढदिवस फाटकाच्या आतच येतो आणि येताना चॉकलेटचा डबा घेऊन येतो.

खरी कसोटी सणाच्या वाटीची. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभरा डाळ, मूग, उडीद, म्हणजे सगळी मोठ्या टोपलीतली माणसं, पण ती उतरली तेलात. मुलं यावर घनघोर वाद घालतात, घालू द्यावा. मग ती चकली वाटीत ठेवतात आणि लगेच विचारतात, ‘सण कधी?’ कॅलेंडर जवळ असू द्या. श्रावणापासून दिवाळीपर्यंत वाटी भरलेलीच असते. उकडीचा मोदक तर तळलेलाही नाही. तांदळाची पिठी, नारळ, गूळ, वाफ. तो कुठल्या टोपलीत घालायचा यावर अर्धा तास सहज जातो आणि निकाल बहुधा एकवीसच्या एकवीस मोदक मोठ्या टोपलीत, असाच लागतो.