ओकच्या बुंध्याशी उन्हाळ्यात पाणी घालू नका

उन्हाळा लागला की सॅन फ्रान्सिस्को बे एरियात, तिथल्या मराठी घरांतही, एक सल्ला हातोहात फिरू लागतो. ओकची पाने गळू लागली म्हणजे झाड वाळत चालले आहे, तेव्हा बुंध्याशी रोज पाणी घाला. ओकचा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि वणव्यात ओक घराला धोका ठरतो, म्हणून घराजवळचे झाड काढलेलेच बरे, असे त्यात सांगितलेले असते. तिथल्या बर्कली शहरातील लाइव्ह ओक पार्कला ज्याचे नाव आहे त्या कोस्ट लाइव्ह ओकला, म्हणजे किनाऱ्यावरच्या सदाहरित ओकला, यातले जवळपास काहीच लागू पडत नाही, आणि पाण्याचा सल्ला तर झाडाच्या जिवावर बेतणारा आहे.

त्या किनाऱ्यावर पाऊस पडतो तो हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पुढचे महिने कोरडे जातात आणि हे झाड त्याच चक्रात घडलेले आहे. त्याचे पान जाड, काठाला काटेरी दात असलेले आणि पालथ्या वाटीसारखे फुगीर असते, त्यामुळे पाणी जपून वापरले जाते. उन्हाळ्यात बुंध्याजवळची माती उबदार असतानाच सतत ओली राहिली, की फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव आणि आर्मिलेरिया ही बुरशी यांना मुळे कुजवायला रान मोकळे मिळते. झाड लगेच मरत नाही, काही वर्षांनी मरते, आणि तोवर खाली लावलेल्या, सतत पाणी घातल्या जाणाऱ्या हिरवळीवर कोणाचा संशयही जात नाही. आपल्याकडे माळावरच्या पळसाला भर उन्हात कोणी पाणी घालत नाही, तरी तो फुलतोच.

पार्कमधून कोडॉर्निसेस ओढा वाहतो, मग तिथल्या ओकना पाणी कसे चालते, हा प्रश्न रास्त आहे. ओढ्याकाठचे झाड रोपटे असल्यापासून त्या ओलाव्याशी जुळवून घेत वाढलेले असते. अपाय होतो तो कोरड्यात वाढलेल्या जुन्या झाडाचे पाणी अचानक बदलल्याने. नव्या रोपाला पहिली काही वर्षे पाणी लागते, हेही खरे. हिवाळाच कोरडा गेला, तर मोठ्या झाडालाही हिवाळ्याच्या अखेरीस किंवा वसंतात, बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराच्या कडेला, सावकाश आणि खोलवर मुरेल असे पाणी द्यावे.

पानगळीचे म्हणाल, तर हे झाड सदाहरित असले तरी वसंतात नवी पालवी येताना जुनी पाने टाकतेच. काही वर्षी ओकवर्म या पतंगाच्या अळ्या झाडाचा पाला फस्त करतात, पण निरोगी झाड पुन्हा पालवते.

'सडन ओक डेथ' (ओकचा अचानक मृत्यू) हा रोग खरा आहे आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापासून त्याने तिथे फार झाडे मारली आहेत. मात्र त्याचे बीजाणू मुख्यतः बे लॉरेल या तिथल्या दुसऱ्या झाडाच्या पानांवर तयार होतात आणि पावसात शेजारच्या ओकच्या खोडावर उडतात. कोस्ट लाइव्ह ओककडून तो पुढे दुसऱ्या ओकला जात नाही. त्यामुळे एक ओक वाचवायला दुसरा तोडण्यात काहीच अर्थ नाही.

वणव्याच्या बाबतीत, जाड सालीमुळे हा ओक कॅलिफोर्नियातील आगीला सर्वाधिक तोंड देणाऱ्या ओकांपैकी एक मानला जातो, आणि होरपळल्यावरही त्याला खोडावरून, फांद्यांवरून नवे कोंब फुटतात. घराजवळ वाळक्या फांद्या छाटाव्यात, छपरावरचा पाचोळा काढावा. झाड तोडण्याचा विचार असेल, तर बर्कलीत ठरावीक घेरापुढचा कोस्ट लाइव्ह ओक काढायला शहराच्या नियमाने बंदी आहे आणि अपवाद धोकादायक ठरलेल्या झाडाचा आहे, हे त्या सल्ल्यात कुठेच लिहिलेले नसते.