तांत्रिक कारण म्हणजे नेमकं काय ओ?

आम्ही सोलापूरकर. या खेपेला आमच्या पाण्याची पाळी मंगळवारी होती. सोमवारी रात्री साडेदहाला महापालिकेचा मेसेज आला: तांत्रिक कारणास्तव पाणी एक दिवस उशिरा, कमी वेळ आणि कमी दाबानं येईल, नागरिकांनी सहकार्य करावं. करतोय की! दुसरं काय करतोय आम्ही?

बुधवारी पाणी नाही. गुरुवारी पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला गाठलं. तो बिचारा म्हणतो, "मामा, टाकीच भरली नाही तर मी चावी फिरवून काय करू? तिकडं पंपावर लाइट गेलती." किती वेळ? पाऊण तास. पाऊण तास लाइट गेली आणि आमचे दोन दिवस गेले.

आता हे कसं होतं ते मला माहीत आहे, आणि मी दुकानात चादरींची बिलं फाडणारा माणूस. उजनी धरणाचं पाणी शंभर किलोमीटरवरून पाइपातून येतं. पंप बंद पडला की लाइन उतरते, हवा शिरते. मग ती परत भरत आणायची, शुद्धीकरण, टाक्या, मग एकेका भागाची चावी. एका भागाचं पाणी हुकलं की मागचे सगळे ढकलले जातात. पण मे महिन्यात वळीव येतो, वळीव आला की तारा तुटतात, हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. ज्यांना पगारच या कामाचा मिळतो त्यांना ते दरवर्षी नव्यानं कसं कळतं?

आणि सोलापूरला पाणीच नाही, हे रडगाणं नको. उजनीची लाइन आहे. टाकळीला भीमेचं पाणी आहे. हिप्परग्याचा तलाव तर १८७१ सालचा, दीडशे वर्षं झाली त्याला. तीन वाटा! पण एक बंद पडली तर कुठल्या पेठेला कुठून पाणी वळवायचं, कुणाला टँकर आधी, हे लिहून ठेवलेला एक कागद तरी कुणी पाहिलाय? टाकळीच्या भरवशावर बसावं, तर उजनीतून नदीत सोडलेलं पाणी टाकळीसाठीच्या औज बंधाऱ्यात पोचायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे निर्णय आठ-दहा दिवस आधी घ्यायला हवा. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली, म्हणजे मृतसाठ्यात पार आत गेलं, तेव्हा दुबार पंपिंगची, म्हणजे तेच पाणी दोनदा उपसायची पळापळ. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. इथं विहीर लांबच, तहान लागल्यावर बैठक बोलावतात.

आपत्कालीन नियोजन बघायचं असेल तर आमच्या घरी या. न्हाणीत दोनशे लिटरची दोन निळी पिंपं, जिन्याखाली एक टाकी, ओट्याखाली अकरा घागरी, आणि पाहुणे येणार असले की कुकरसुद्धा भरलेला. पाणी आलं की बायको आधी तोटीला जुन्या पातळाचा तुकडा बांधते, कारण पहिली दहा मिनिटं चहाच्या रंगाचं येतं. शेजारच्या अक्काला तोटीतल्या हवेच्या सूं-सूं आवाजावरून कळतं की पाणी किती मिनिटांत येणार. या वेळी ते आलं शुक्रवारी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी. चाळीस मिनिटं. सगळ्या गल्लीच्या मोटारी एकदम सुरू झाल्या. हो, मीही लावतो नळाला मोटर, खोटं कशाला बोलू? न लावली तर माझ्या वाट्याचं पाणी कोपऱ्यावरच्या बंगल्यात जातं.

कळस पुढंच आहे. परवा दोन ताई आल्या, डेंग्यूच्या सर्व्हेला. टॉर्च मारून पिंपात अळ्या शोधल्या आणि म्हणाल्या, "काका, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळत जा. सगळी भांडी रिकामी करून, घासून, वाळवून ठेवायची." त्यांची चूक नाही, त्या बरोबरच सांगतात. पण पाचव्या दिवशी येणारं पाणी ओतून कोरडा दिवस कसा पाळू, म्हटलं. त्या हसल्या आणि भिंतीवर खडूनं तारीख लिहून गेल्या.

आज परत मेसेज आलाय. पुढच्या आठवड्यात त्या ताई आल्या की लिहून घ्या म्हणणार आहे, या घरात कोरडा दिवस पाळला. सलग तीन.