‘रॉ’ केक करा, पण नावाला भुलू नका

ओव्हन न लावता आणि मैद्याचा कण न घालता चॉकलेट केक होतो, आणि झकास होतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरीच कुरकुर करणार आहे.

कुरकुर आहे ती अशा केकला लावतात त्या ‘रॉ’, म्हणजे कच्चा, या बिरुदाबद्दल. रॉ फूडवाल्यांचा नियम असा, की पदार्थ साधारण ४२ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवायचा नाही. नेमका आकडा कोणाला विचाराल तसा बदलतो. आता केकमध्ये काय काय पडतं ते बघा. कोकोच्या बिया ढीग घालून आंबवतात, तेव्हा त्या ढिगातच पारा पन्नाशीच्या आसपास जातो. पुढे नेहमीच्या कोकोसाठी त्या शंभर अंशांच्या कितीतरी वर भाजतात. काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं, म्हणून ‘कच्चा’ म्हणून मिळणारा काजूही बहुधा वाफवून किंवा भाजूनच फोडलेला असतो. मेपल सिरप तर रस उकळल्याशिवाय होतच नाही. मग रॉ उरलं काय? खजूर, बदाम आणि आपला उत्साह! ‘न तापवल्याने एन्झाइम्स जिवंत राहतात’ हा रॉवाल्यांचा दावाही मला पटत नाही. ती प्रथिनंच असतात, पोटात गेली की बहुतेक पचून जातात.

या केकला लागणाऱ्या दुसऱ्या बिरुदाचं, ‘ग्लूटेन-फ्री’चं (गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन नसलेला), मात्र तसं नाही. ते खूळ म्हणून उडवून लावू नका. जगात शंभरात साधारण एकाला सीलिअॅक, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, असतो आणि त्याला गव्हाचा चिमूटभर अंशही बाधतो. ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. अशा माणसासाठी करत असाल तर मिक्सरचं भांडं, चमचा, पाट सगळं घासून घ्या. आणि तुकडे केलेला खजूर घेताना पाकीट वाचा, कारण चिकटू नये म्हणून त्याला कधीकधी ओटचं पीठ लावतात. साध्या ओटमध्ये गहू मिसळलेला असू शकतो.

आता कृती. खालच्या थरासाठी एक कप बदाम, एक कप अक्रोड, बिया काढलेले बारा-पंधरा मऊ खजूर, तीन मोठे चमचे कोको आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरलात तर सगळं नुसतं गोडमिट्ट लागतं. मिक्सर थांबून थांबून फिरवा. सलग फिरवला तर भांडं तापतं, बदाम-अक्रोडाला तेल सुटतं आणि लगदा होतो. मिश्रण बोटांच्या चिमटीत दाबून बघायचं. गोळा धरून राहिला, पण बोटं तेलकट झाली नाहीत, की बस. डब्यात थापा.

वरच्या थरासाठी दोन कप काजू चार तास भिजवून निथळा. त्यात अर्धा कप कोको, अर्धा कप पातळ केलेलं खोबरेल, गोडीला मध किंवा खजुराची पेस्ट घाला आणि अगदी गुळगुळीत होईपर्यंत वाटा. इथे मात्र घाई नको, जिभेला रवाळ लागलं तर सगळी मजा जाते. ओता आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. खोबरेल साधारण २४-२५ अंशांना पातळ होतं, त्यामुळे केक बाहेर ठेवून गप्पा मारत बसलात तर तो बसकण मारतो. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापा.

बेकिंग सोडा घालायची गरज नाही (घालणारे असतात!). भट्टीच नाही, तर फुगणार कशाला? जाळीदार, हलक्या केकची अपेक्षा मुळात ठेवूच नका. हा घट्ट, जड असतो आणि त्यातच त्याची गंमत आहे.

कोणी विचारलं, ‘हेल्दी आहे ना?’ तर सरळ नाही म्हणा. शंभर ग्रॅम खजुरात साधारण ६५ ग्रॅम साखर असते, तेवढ्याच बदामात ५८०च्या आसपास कॅलरी असतात. वर काजू आणि तेल आहेच. तुकडा दोन बोटांचा द्या, पुरतो.