हयात आहे, हजर आहे

दर नोव्हेंबरात मला मी जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. घरी याबद्दल कुणाला शंका नाही. पहाटे साडेपाचला मी मिक्सर लावतो, तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांनाही नसते. पण पेन्शन चालू राहायची तर हयातीचा दाखला हवाच.

मुलगा बंगळुरूहून म्हणाला, "बाबा, २०१४ पासून हे डिजिटल झालंय. आता तर मोबाइलला नुसता चेहरा दाखवायचा. रांगेत कशाला जाता?"

म्हटलं, बघू. ॲप घेतलं, गोलात तोंड बसवलं. डोळ्यांची उघडझाप करा, अशी आज्ञा झाली. केली. उजेड कमी पडला. खिडकीशी गेलो, तर जास्त झाला. चष्मा काढला तर सूचना दिसेना, घातला तर त्यात ट्यूबलाइट चमके. मी पुन्हा उघडझाप करतोय तोच मागून ही डोकावली, "या वयात कुणाला डोळे मारताय?" गोलात दोन तोंडं पाहून ॲपने हात टेकले. मी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि सरळ बँकेत गेलो.

तिथे अंगठ्याचं यंत्र. अंगठा जुळेना. काउंटरवरची मुलगी गोड होती. म्हणाली, "काका, दुसरं बोट द्या." देता देता दहा झाली. मग तिने नोटा मोजायचा ओला स्पंज पुढे केला. बोटं भिजवली, रुमालाला पुसली, परत पहिल्यापासून.

शेवटी म्हटलं, "अगं पोरी, मी तुझ्यासमोर उभा आहे. दिसतोय ना?"

"मला दिसताय काका. सर्व्हरला दिसत नाही."

पूर्वी इथे एक साहेब बसायचे. चष्म्यावरून बघायचे, "आलात? करा सही," म्हणायचे, की वर्षभराची निश्चिंती. असो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने एकदाचा हिरवा दिवा लावला. म्हणजे अधिकृतरीत्या माझं तेवढंच बोट हयात आहे.

दाखला मिळाला तरी मी निघालो नाही. खरं काम बाकावर असतं. आमच्या ऑफिसचे सगळे पहिल्या आठवड्यात, अकराच्या सुमाराला येतात. कुणाचा गुडघा बदलला, कुणाची काठी नवी, हे तिथे कळतं. ऐंशी ओलांडलेल्यांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, त्यामुळे दोन सीनियर यंदा वरच्या यत्तेत गेले होते. तेवढी गैरहजेरी चालते.

पण नाना नव्हता. दरवर्षी हा थर्मास आणि आवळासुपारीची डबी घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. साडेअकरा झाले, बारा झाले. विचारायचं प्रत्येकाच्या मनात होतं, पण उत्तर ऐकायची तयारी कुणाचीच नव्हती. विषय कांद्याच्या भावावर गेला, तोही लवकर संपला.

अखेर मीच फोन लावला. स्पीकरवर.

"हां, बोल रे!" ठणठणीत आवाज. "मी? घरूनच केलं. नातीने चेहरा दाखवून दिला. दोन मिनिटांत काम!"

बाकावर सगळ्यांचा श्वास एकदम सुटला. मग जो तो तुटून पडला.

"नालायका, कळवायचं तरी! इथे आम्ही दोन मिनिटं उभं राहायच्या बेतात होतो!"

नाना क्षणभर गप्प. मग म्हणाला, "हलू नका कुणी. रिक्षा करतो."