'कानस घासण्याचे दिवस गेले' म्हणणाऱ्या वाचकांस

आयटीआयवरच्या माझ्या लेखाखाली 'एक गोंयकार अभियंता' या नावाने आलेली प्रतिक्रिया वाचली. टीकेचं स्वागतच आहे. पण 'काकांनी जरा बाहेरचं जग बघावं' हा सूर कशाला? मी तुमचा काका नव्हे. आणि स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याला शहाणपण शिकवायचं, ही रीत आमच्या घरात तरी नव्हती.

तुम्ही लिहिता, 'सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या) जमान्यात पोरांना कानस घासायला लावणं म्हणजे वेळेची नासाडी.' साहेब, आयटीआयमधला फिटरचा ट्रेड, म्हणजे अभ्यासक्रम, दोन वर्षांचा. दोन्ही वर्षं कोणी कानस घासत बसत नाही. पण सुरुवात तिथूनच होते. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, बाजू काटकोनात आणायच्या, गुण्या लावून उजेडाकडे बघायचं. फट दिसली की पुन्हा घासायचं. तळहाताला फोड यायचे, आणि आमचे मास्तर 'उजवाड दिसता मरे!' (उजेड दिसतोय रे!) एवढंच म्हणून पुढच्या बाकाकडे जायचे.

त्याचा उपयोग काय, तेही सांगतो. माझ्या कुंडईच्या वर्कशॉपात एका डिप्लोमावाल्या पोराने व्हाइसमधला चुरा न पुसताच जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चढवला. स्क्रीनवर सगळं बिनचूक. मशीनने सांगितलं तेवढं इमानेइतबारे कापलं, नि जॉब एका बाजूला उतरता निघाला. पोरगा प्रोग्रॅम तपासत बसला. आमच्या जुन्या फिटरने जॉबवरून बोट फिरवलं नि सरळ ब्रश घेऊन व्हाइस गाठला. हे कुठल्या स्क्रीनवर शिकवतात, ते कळवा.

काही ठिकाणची यंत्रं जुनी आहेत, हे मान्य. तेवढं तुमचं बरोबर.

राहिला मुद्दा कंपन्या ॲप्रेंटिसना, म्हणजे शिकाऊ कामगारांना, कमी पैशांत राबवून घेतात नि मुदत संपली की वाटेला लावतात, हा. 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्यात पुढच्या नोकरीची हमी नाहीच. तो कायदा काही मी केलेला नाही. 2012 साली गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा खनिज वाहणारा आमचा ट्रक दारात उभा राहिला, आणि त्याचे हप्ते याच ट्रेडच्या कमाईवर फिटले. तेव्हा आयटीआयने काय मिळतं, हे निदान मला विचारू नका.

'स्वतःच्या मुलाला पाठवाल का?' हा प्रश्न मात्र खालच्या पातळीवरचा वाटला. तो फर्मागुडीला इंजिनिअरिंग करतोय, स्वतःच्या मर्जीने. यात तुम्हाला विसंगती दिसत असेल तर खुशाल दिसू दे.