तोशिको अकियोशीचं श्रेय कुणाकुणाला?

जपानहून अमेरिकेत गेलेल्या जॅझ पियानिस्ट आणि संगीतकार तोशिको अकियोशीबद्दल एक मजकूर फिरतोय. म्हणणं असं: प्रसिद्ध जॅझ पियानिस्ट ऑस्कर पीटरसनने तिला शोधलं, अमेरिकेने घडवलं, नवऱ्याने बँड दिला, तिने त्यावर जपानी साज चढवला. शिवाय ग्रॅमी एकही नाही, मग एवढं कौतुक कशाला?

पीटरसनचं तेवढं अर्धं खरं. टोकियोत त्याने तिला ऐकलं, निर्माता नॉर्मन ग्रान्झकडे शब्द टाकला आणि १९५३मध्ये रेकॉर्ड झाली. पण ती काही घरात बसून वाट पाहत नव्हती. जन्म मंचुरियातला, १९२९चा. युद्धानंतर घरदार सोडून कुटुंब जपानला परतलं आणि बेप्पूच्या डान्स हॉलमध्ये तिने पियानोची नोकरी धरली. पीटरसनने ऐकलं तोवर ती टोकियोतली नावाजलेली वादक होती.

अमेरिकेचं म्हणाल, तर १९५६मध्ये बॉस्टनच्या बर्कली या संगीत विद्यालयाने शिष्यवृत्ती दिली, हे ऋण मोठंच. पण त्या काळात ती किमोनो घालून वाजवायची आणि बरेच लोक ऐकायला कमी, बघायला जास्त यायचे.

‘नवऱ्याचा बँड’ हे तर धादांत खोटं. लू टॅबॅकिनशी लग्न १९६९चं. त्याआधी, १९६७मध्ये, न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये तिने स्वतःच्या हिमतीवर आपल्या रचनांची मैफल केली होती. १९७३मध्ये लॉस एंजेलिसला उभ्या राहिलेल्या बँडच्या नावात दोघं होते. टॅबॅकिन सॅक्सोफोन आणि बासरीचा मुख्य एकलवादक, उत्तमच. पण रचना आणि वाद्यसंयोजन तिचं. पाटीवर पुरुषाचं नाव दिसलं की श्रेय तिकडे वळवायची घाई आपल्याकडेच असते असं नाही.

आता ‘जपानी साज’. ‘कोगुन’ ऐका. दुसरं महायुद्ध संपल्याचं न मानता फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर लढत राहिलेला जपानी सैनिक हिरो ओनोडा १९७४ साली बाहेर आला, त्यावरची ही रचना. त्यात नोह या पारंपरिक जपानी नाट्यातल्या त्सुझुमी ढोलाचे ठोके आणि वादकांच्या लांब हाका येतात. त्यांचा काळ बँडच्या मात्रांत बसत नाही. बँड आपल्या लयीत चालतो, हाक तिच्या वेळेला उठते. तीस वर्षं जगापासून तुटलेला माणूस संगीतात आणखी कसा उभा करायचा? ढोल काढून घेतला तर ही रचनाच उरत नाही. दोन वर्षांनी आलेल्या ‘मिनामाता’चा विषय कारखान्याच्या पाऱ्याने विषारी झालेला समुद्र आणि त्याकाठची माणसं. सजावटीसाठी कुणी असला विषय निवडत नाही.

ग्रॅमी नाही, हे खरं. नामांकनं चौदा. ‘डाउनबीट’ या अमेरिकन जॅझ मासिकाच्या वाचकांनी मात्र तिला संगीतकार आणि वाद्यसंयोजक, दोन्ही विभागांत पहिलं ठरवलं, असा मान मिळालेली ती पहिली स्त्री. २००७मध्ये एनईए जॅझ मास्टर, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी कलासंस्थेचा जॅझमधला मोठा सन्मान.

आणि ज्या अमेरिकेने तिला ‘घडवलं’, तिथल्या कंपन्या पुढे या ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्ड काढायला तयार नव्हत्या. ‘कोगुन’सुद्धा आधी निघाली ती जपानमध्येच. २००३मध्ये तिने ऑर्केस्ट्रा बंद केला आणि पुन्हा पियानोकडे वळली.